गळका पाइप आणि कामगाराची सही



गाडी वेळेवर सुटली की शाबासकी वरच्या साहेबांना आणि ब्रेकमध्ये बिघाड निघाला की चार्जशीट खालच्या फिटरला, हा रेल्वेतला जुना न्याय आहे. म्हणून आज आम्ही ब्रेकचा पाइप आणि पर्ज व्हॉल्व्ह यांच्या दुरुस्तीवर लिहीत आहोत. टपाल खात्यातील साथींनी हा विषय परका समजू नये. टपालाच्या थैल्या आणि आपली मुलेबाळे त्याच गाडीने जातात.

1889 साली आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीची गाडी चढावावर अडली. तिचे दोन भाग केले. ब्रेक व्हॅक्यूमचा होता, पण आपोआप लागणारा नव्हता; पाइप सुटताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. ते डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. पाइप तुटला तर गाडी थांबलीच पाहिजे, हा नियम माणसांच्या जिवाची किंमत देऊन आला आहे.

आपल्याकडच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये इंजिनाचा एक्झॉस्टर पाइपातली हवा ओढून घेई. मेल-एक्सप्रेसला इंजिनात 53 सेंटिमीटर व्हॅक्यूम लागे. पाइप फुटला की हवा आत शिरे आणि ब्रेक लागे. आता एअर ब्रेक आहे; ब्रेक पाइपात 5 किलोचा दाब असतो आणि तो उतरला की ब्रेक लागतो. हावड्याहून 1854 साली पहिली गाडी धावली, तेव्हापासून यंत्रे बदलत आली. लिलुआ आणि कांचरापाडा वर्कशॉपांतील पिढ्यांनी ती आपल्या हातांनी शिकून घेतली.

कोलकात्याच्या पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. कॉम्प्रेसर तीच हवा दाबतो आणि तिच्यातले पाणी सुटते. ते काढण्यासाठी इंजिनावर एअर ड्रायर असतो. त्याच्या दोन टाक्यांपैकी एक हवा सुकवते, तेव्हा दुसरीतला ओलावा पर्ज व्हॉल्व्हमधून बाहेर फेकला जातो. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर हवा वाया जाते आणि कॉम्प्रेसर उसंत न घेता चालतो. बंद अडकला तर पाणी पुढे जाते, पाइप गंजतात, ब्रेकचे व्हॉल्व्ह चिकटतात. मुंबईच्या शेडमधील साथींना हे वेगळे सांगायला नको.

याची दुरुस्ती अवघड नाही. आधी कॉक बंद करून हवा पूर्ण सोडायची. दाब असताना नटाला पाना लावायचा नाही. व्हॉल्व्ह खोलून गंज आणि कचरा काढायचा, झिजलेले रबर बदलायचे, तडकलेला पाइप किंवा होज नवा घालायचा. मग दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा आला तिथे गळती. प्रवासी गाडीत मिनिटाला 0.2 किलोपेक्षा जास्त दाब उतरता कामा नये. साबणाचे पाणी स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ, आणि तोच दिला जात नाही!

आम्ही अनेक वर्षे हेच पाहत आलो. गळती सांगितली की उत्तर मिळते, "आता जाऊ द्या, पुढच्या स्टेशनवर बघतील." स्टोअरमध्ये वॉशर नाही, म्हणून जुनाच उलटा करून बसवा. चौघांच्या जागी दोघे, आणि वर कंत्राटदाराचा नवशिका मुलगा. मग ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही मात्र आपल्या माणसाची! 2012 साली डॉ. अनिल काकोडकर समितीनेही सुरक्षेच्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवले होते. हे केवळ युनियनचे रडगाणे नव्हे.

मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना 1977 साली मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गभेदाविना सुरू झाली. ब्रेकच्या पाइपालाही वर्ग नसतो. तो इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच असतो. हावड्याला दुर्लक्षिलेला जोड इगतपुरी-कसारा घाटात, 37 फुटांना 1 फूट उतारावर, सगळ्यांचाच हिशेब घेऊ शकतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तपासणीचा ठरलेला वेळ कापू नये. अस्सल सुटे भाग शेडमध्ये हजर ठेवावेत. सुरक्षेच्या जागा कायम कामगारांनी भराव्यात. आणि गळती दाखवून गाडी अडवणाऱ्या कामगारावर कारवाई करू नये.

आपल्याकडूनही एक शिस्त हवी. चाचणी पाहिल्याशिवाय सही करू नका. दबाव आला तर बिघाड रजिस्टरात लिहा, वेळ टाका आणि शाखेला कळवा. एकट्या फिटरचा नकार दडपता येतो, साऱ्या शेडचा नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!