गुदद्वाराची जागा आणि प्रजातीचे नाव
फुजैराच्या खडकाळ समुद्रात, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीच्या ओमानच्या आखाताकडील बाजूस, काळ्या पाठीवर पिवळ्या टोकांच्या गाठी मिरवणारी फायलिडिया रुपेली ही शंखविरहित सागरी गोगलगाय आढळते, आणि वर्गीकरणशास्त्राने तिच्या बाबतीत जितका घोळ घातला तितका क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १७९७ मध्ये स्थापलेल्या फायलिडिया प्रजातीच्या प्राण्यांना रॅड्युला, म्हणजे अन्न खरवडणारी दातेरी पट्टी, नसते. ते पाचकरसाने स्पंज मऊ करून शोषून घेतात, आणि त्यांचे कल्ले डोरिड गटातल्या इतर गोगलगायींप्रमाणे पाठीवर फुलासारखे उमललेले नसून प्रावाराच्या, म्हणजे पाठ झाकणाऱ्या त्वचापटलाच्या, कडेखाली दडलेले असतात. हे सारे साम्य असूनही, त्यांच्यातल्या काहींचे गुदद्वार पाठीवर न उघडता प्रावाराखाली मागच्या बाजूस उघडते एवढ्यावरून ग्रे याने १८५३ मध्ये फ्रायेरिया ही स्वतंत्र प्रजाती उभी केली, जिच्यात पुढे रुपेलीही बसवली गेली. एका छिद्राच्या जागेपायी सख्ख्या भावंडांची अशी वाटणी करणे चूकच होते, कारण प्रजाती वंशावळीवरून ठरावी, सुट्या अवयवावरून नव्हे, आणि म्हणूनच वाल्देस व गॉस्लिनर यांनी १९९९ मध्ये फ्रायेरियाला पुन्हा फायलिडियात विलीन केले, हे योग्यच झाले.