व्यापारी इंग्रजी शब्द

‘प्रिन्सिपल’ म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक आणि ‘कंपाउंड’ म्हणजे शाळेचें आवार, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. परंतु वडिलांनीं बँकेंतून आणलेल्या कर्जाच्या इंग्रजी कागदावर हेच शब्द आढळले म्हणजे? तेथें पहिल्याचा अर्थ मुद्दल; आणि दुसऱ्यास ‘इंटरेस्ट’ जोडतांच चक्रवाढ व्याज उभें राहतें. ‘इंटरेस्ट’ म्हणजे गोडी खरी, पण येथें ती सावकाराची! १००० रुपयांवर दरसाल दर शेंकडा १० प्रमाणें ३ वर्षांचें सरळव्याज ३०० रुपये होतें. दरवर्षीं चक्रवाढ केल्यास तेंच ३३१. हे ३१ रुपये एका शब्दाचे.

म्हणूनच शब्दांच्या नुसत्या याद्या घोकण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. ‘शेअर’ म्हणजे वाटा, एवढ्यानें काय उमगणार? जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं आपल्या नागपुरांत सुरू झाली, ती अशाच वाट्यांच्या भांडवलावर. वाटेकऱ्यास व्याजासारखी ठरीव रक्कम मिळत नाहीं. नफा झाला तर त्यांत भाग, तोटा झाला तर त्याची झळ. इतकें समजल्यावर ‘डिव्हिडंड’ निराळा शिकवावा लागत नाहीं.

पालकांस एक विनंती. असा कागद घरीं आला म्हणजे सही करण्यापूर्वीं तो मुलांकडून वाचवून घ्यावा. अडलेला शब्द त्यांस दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारतां येईल.