क्रॅकची गरजच काय?

सबमिशन जवळ आलं की होस्टेलवर पेनड्राइव्ह फिरायला लागतो. त्यात असतं मॅटलॅबचं क्रॅक. ‘सगळेच वापरतात रे’ म्हणत आपणही टाकून घेतो. लिनक्सवाले तर या क्रॅकसाठी पुन्हा विंडोज टाकतात! खरं तर मॅटलॅब लिनक्सवर अधिकृतपणे चालतं. अडचण लिनक्सची नाही, लायसन्सच्या पैशांची आहे. कॉलेजकडे लायसन्स असेल तर हक्काने मागा. पण कॉलेज सुटलं की तेही सुटतं. मग?

ऑक्टेव्ह वापरून पाहिलंय? केमिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी जॉन ईटन यांनी १९९२मध्ये ते पूर्णवेळ लिहायला घेतलं. उबंटूवर एका कमांडमध्ये येतं, फुकट. मॅट्रिक्स, ग्राफ, समीकरणं सगळं होतं. मॅटलॅबमध्ये लिहिलेले साधे प्रोग्रॅम बहुतेकदा जसेच्या तसे चालतात. सिम्युलिंक मात्र त्यात नाही. ब्लॉक जोडून मॉडेल करायचं असेल तर सायलॅबमधलं एक्सकॉस बघा. काही टूलबॉक्सना तोडीस तोड पर्याय नाही, हेही मान्य. पण आपल्या किती प्रॅक्टिकल्सना ते लागतात?

शिकवणार कोण, हा प्रश्नही उरलेला नाही. पवईत आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प हेच काम करतो. कितीतरी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांनीच सायलॅबमध्ये लिहून ठेवलीत, कुणालाही मोफत मिळतात.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना, मॅडमना एवढंच विचारा, ‘ऑक्टेव्हमध्ये केलं तर चालेल?’ एकाने विचारलं तर नाही म्हणतील. अख्ख्या बॅचने विचारलं, तर विचार करावाच लागेल.