गाडीखाली कोण पाहणार?

आमच्या अशोका गार्डनमध्ये अंगणं गेली, ओटे गेले आणि गाड्या गल्लीत आल्या. त्याबद्दल कुरकुर करायला मला तोंड नाही. आमचीही गाडी दाराशीच उभी असते. माझा राग आहे तो बाजारातून आणून, वायरी कापून बसवलेल्या रिमोटवर. बटण दाबलं की दुसऱ्या मजल्यावरून गाडी सुरू होते, आणि गाडीला कुणाचा धक्का लागला की भोंगा कोकलतो. आता हे लग्नात जावयाला देण्यापर्यंत मजल गेली आहे.

पुतण्या म्हणतो, "काकू, मे महिन्यात गाडीची भट्टी होते. खाली उतरेपर्यंत एसीनं गार झालेली मिळते. यात वाईट काय?"

वाईट हे, की इंजिन सुरू होताना गाडीजवळ कोणीच नसतं. भोपाळच्या पौष-माघातल्या थंडीत कुत्रीची पिलं चाकाशी झोपतात, मांजर बॉनेटच्या आत उबेला शिरते. दुपारी पोरांचा चेंडू गाडीखाली जातो आणि पोर त्याच्या मागे. किल्ली घेऊन खाली जाणारा माणूस निदान एक नजर टाकू शकतो. बाल्कनीतून बटण दाबणाऱ्याला काय दिसणार? चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावं, ही ईर्या समिती आपण पाठशाळेत पाठ केली. मुनींच्या पावलाखाली मुंगी येऊ नये म्हणून एवढी काळजी, आणि हजार किलोच्या यंत्राला डोळे मिटून जागं करायचं?

धर्म बाजूला ठेवा, कायदा तरी पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६ : सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवाना असलेला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. गल्ली ही सार्वजनिकच जागा. म्हणजे घुर्रघुर्र करत उभी असलेली रिकामी गाडी मुळात नियमातच बसत नाही.

त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या हातानं गिअर टाकायच्या. उतारावर गिअरमध्ये टाकून ठेवायची सवय घरोघरी आहे. अशा गाडीत क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय असेल, तर रिमोटसाठी मिस्त्री तीच निकामी करतो. कुणी गिअर काढायला विसरलं, की गाडी पुढे उडी घेते. समोर कोण उभं असेल, ते नशीब.

आणि चोरीचं म्हणाल तर ऐका. नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन चालत नाही. रिमोटला ही चिप आडवी येते, म्हणून पुष्कळदा दुसरी किल्ली किंवा तिची चिप डॅशबोर्डच्या आत कायमची दडवतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वर हे 'सुरक्षेसाठी'.

राहिला भोंगा. टेम्पो गेला, वाजला. वरातीतला सुतळी बॉम्ब फुटला, वाजला. मांजरानं उडी मारली, वाजला. नियमानं रात्री १० ते सकाळी ६ वस्तीतला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. पण नियम मोजायला येतं कोण? गाडीचा मालक कूस बदलतो. उठते ती घरातली बाई. सासूबाईंच्या छातीवर हात फिरवायला, दचकलेल्या तान्ह्याला थोपटायला. आणि दहा वेळा उगाच वाजल्यावर अकराव्या खऱ्या वेळी कोणी खिडकीही उघडत नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

निदान या शहरानं तरी भोंग्याशी खेळू नये. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री कारखान्याचा वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. पुन्हा वाजला तेव्हा गॅस लोकांच्या घरात शिरला होता. इशारा वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे भोपाळला शिकवावं लागू नये. जो वाजला की माणूस उठतो, तोच इशारा. बाकी नुसता गोंगाट.

"मुली रात्री उशिरा येतात, भोंग्याचं बटण हाताशी असलेलं बरं," असं एक भाभी म्हणाल्या. भाभी, त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच तर म्हणते, भोंग्याची किंमत घालवू नका. तो मुलीच्या हाकेसाठी राखून ठेवा, मांजरासाठी नको.

गाडी जपायची तर साधे उपाय आहेत. स्टिअरिंगला किंवा गिअरला लोखंडी कुलूप लावा. दिव्याखाली उभी करा. उपकरण हवंच असेल तर पुण्याच्या एआरएआयनं मान्य केलेलं, कंपनीच्या वायरी न कापता बसणारं घ्या. उन्हात तापली तर चारी दारं दोन मिनिटं उघडा. गरम हवा निघून जाते, पेट्रोलही जळत नाही.

बायांनो, गाडीच्या खर्चात आपल्याला कोणी विचारत नाही, रंग सोडला तर. या बाबतीत न विचारता बोला. पैसे मोजण्याआधीच सांगा, की आमच्या घरात यंत्र सुरू होईल ते माणसानं पाहिल्यावरच. बॉनेटवर दोन थापा, खाली एक नजर आणि मग किल्ली. एवढ्याला रिमोट लागत नाही.