प्रार्थनेच्या व्हिडिओबरोबर हेही पाठवा

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आपल्या तरुणांच्या मोबाईलवर येशूच्या प्रचाराचे व्हिडिओ येतात. काही जण ते पुढेही पाठवतात. त्यांना धमकावणाऱ्यांच्या बाजूने आम्ही नाही. धर्मप्रचाराचा हक्क संविधानाच्या कलम २५ मध्येच आहे. पण प्रचारकांनी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचे आरक्षण मिळत नाही. शिखांचा समावेश १९५६ मध्ये, बौद्धांचा १९९० मध्ये झाला. धर्म बदलला म्हणून जात पाठ सोडते का? मग हक्क का जावा? मित्रांनो, प्रार्थनेबरोबर हा सवालही पाठवा. आणि लक्षात ठेवा, येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी २१ वर्षे विचार करून धम्म स्वीकारला. आपणही विचार करूनच ठरवू. जय भीम!