प्राध्यापक-भरती : पात्रता कुणाची, निवड कुणाची?

महाविद्यालयीन अध्यापकांच्या भरतीचा विषय निघाला की चर्चा हटकून दोन शब्दांपाशी येऊन अडते : गुणवत्ता आणि आरक्षण. आरक्षणाने गुणवत्तेचा बळी जातो, असे एक पक्ष म्हणतो. गुणवत्तेच्या नावाखाली जातच निवड करते, असे दुसरा पक्ष म्हणतो. पात्रतेची अट हीच भरतीतील निर्णायक चाळणी आहे, असे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. वस्तुतः ती केवळ पहिली चाळणी आहे. पक्षपाताची खरी जागा तिच्या पुढे, म्हणजे जागा मोजण्याच्या रीतीत आणि मुलाखतीच्या दालनात आहे. आणि तेथे लेखी पुरावा जवळजवळ राहतच नाही.

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाचे स्वरूप स्वच्छ दिसते. कपाशी, मका आणि मिरची यांवर जगणाऱ्या या भागात कोरडवाहू शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या घरातील मुलगा किंवा मुलगी गावच्या महाविद्यालयातून पदवीधर होते, छत्रपती संभाजीनगरला जाऊन एम.ए. वा एम.एस्सी. करते आणि नेट किंवा सेट परीक्षेच्या तयारीला लागते. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ५० टक्के पुरतात. सवलत आहे ती एवढीच, शिवाय नेटच्या निकालातील प्रवर्गनिहाय वाटा. त्या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी सुमारे सहा टक्केच उमेदवार पात्र ठरविले जातात. इतक्या अरुंद दारातून आलेल्या उमेदवाराला पुन्हा ‘अपात्र’ म्हणणे न्यायाला धरून नाही.

अटीचे पावित्र्य किती मानायचे, हेही एकदा तपासले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली नेटची अट घातली. तरीही महाराष्ट्रात पुढील दशकभर ती पूर्ण न केलेले अध्यापक नेमले गेले. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळातील अशा अध्यापकांच्या सेवांचा प्रश्न राज्य शासनाने अखेर २७ जून २०१३ च्या निर्णयाने सोडविला. त्यामागे व्यवहाराची निकड होती आणि त्या अध्यापकांनी पिढ्या शिकविल्या, हे खरे. परंतु त्यातून एक बोध निघतो. अट ही सोय पाहून सैल होते आणि सोय पाहूनच घट्ट होते. प्रश्न उरतो तो हा की, ही सोय कुणाची?

बिंदुनामावलीचे गणित

राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्याने अनुसूचित जातींना १३, जमातींना ७, विमुक्त व भटक्यांना ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गीयांना १९ टक्के जागा ठरवून दिल्या. अनुदानित संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. पण टक्केवारी कशाची काढायची, संपूर्ण महाविद्यालयाच्या पदांची की एकेका विषयाच्या पदांची? वरकरणी हा कारकुनी प्रश्न वाटतो. आरक्षणाचे अस्तित्व मात्र त्याच्यावरच अवलंबून आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. पंधरा विषय आणि प्रत्येकी दोन पदे असलेल्या महाविद्यालयात तीस पदे होतात. तीस पदे एकत्र मोजली तर अनुसूचित जातींच्या वाट्याला सुमारे चार आणि जमातींच्या वाट्याला दोन पदे येतात. आता विषय हा घटक धरा. केंद्राच्या तेरा बिंदूंच्या नामावलीत चौथा बिंदू इतर मागासवर्गाचा आणि सातवा अनुसूचित जातीचा. जमातीचा तर चौदावा. दोन पदांच्या विभागात सातवा बिंदू यायला पाच अध्यापक निवृत्त व्हावे लागतात. प्रत्येकाची सेवा तीस वर्षांची धरली, तर पाऊणशे ते नव्वद वर्षे झाली! जेथे विषयाला एकच पद आहे तेथे आरक्षण लागूच होत नाही. कारण एकाकी पद राखीव ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ साली चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात ठरविले आहे. मोठ्या शहरातील मोठ्या विभागांना या हिशेबाची झळ कमी पोचते. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र कोणताही नियम न मोडता आरक्षण शून्यावर येते.

या वादाचा एक धागा महाराष्ट्रातच आहे. नागपूर विद्यापीठाने राखीव पदे कोणत्या विषयांतील आहेत हे न सांगता जाहिरात दिली होती. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत अवैध ठरविली. आपल्या विषयातील पद राखीव आहे की नाही, हे उमेदवाराला आधी कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार रास्तच होता. पुढे त्याच निकालाचा आधार घेऊन अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये विभाग हाच आरक्षणाचा घटक मानावा असा निर्णय दिला. ५ मार्च २०१८ रोजी आयोगाने तसे आदेश काढले आणि २२ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. देशभर असंतोष उसळला; तेव्हा केंद्र सरकारने ७ मार्च २०१९ ला अध्यादेश आणि त्याच वर्षी कायदा करून संपूर्ण संस्था हाच घटक ठरविला. महाराष्ट्रानेही २०२१ साली त्याच धर्तीचा कायदा केला. उमेदवाराच्या हितासाठी दिलेल्या निकालातून त्याच्याच अहिताचा अर्थ निघू शकतो, ही गोष्ट या साऱ्या प्रकरणात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मुलाखतीचे दालन

जागा राखीव ठेवली म्हणजे ती भरली असे नव्हे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी शैक्षणिक गुणांचे कोष्टक दिले. पण हे गुण केवळ मुलाखतीस बोलाविण्यापुरते असून निवड फक्त मुलाखतीतील कामगिरीवर व्हावी, असेही त्यातच लिहिले. म्हणजे पदवी, पदव्युत्तर पदवी, नेट, संशोधन हे सारे वीस वर्षांचे संचित दारापाशी ठेवायचे आणि आत पंधरा-वीस मिनिटांत नशीब ठरायचे! महाविद्यालयाच्या निवड समितीत कुलगुरूंचे प्रतिनिधी व विषयतज्ज्ञ असतात. मागासवर्गीय उमेदवार असल्यास त्या वर्गातील सदस्य असावा, अशीही तरतूद आहे. परंतु अध्यक्षपद संस्थेच्या अध्यक्षाकडे किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीकडे. वेतन शासनाच्या तिजोरीतून आणि निवडीची सूत्रे संस्थाचालकाच्या हाती, अशी ही विभागणी आहे. पदासाठी ‘देणगी’ मोजावी लागते, ही चर्चा आज गावोगाव चालते. ती जेथे खरी असेल तेथे जात न विचारताही जातीचेच काम होते. कारण विकायला शेत ज्याच्यापाशी नाही तो कोण, हे मराठवाड्यात वेगळे सांगावे लागत नाही.

राखीव जागेवर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून ती रिकामी ठेवण्याचा मार्ग तर सर्वांत सोपा. त्या एका ओळीला कारणाची जोड नसते. म्हणून तिला आव्हानही देता येत नाही. पात्रता ही जातीवर मात करते, असे मानणाऱ्यांनी १९१८ सालचे मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय आठवावे. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राध्यापक झाले. तरीही त्यांनी प्राध्यापकांच्या सामाईक माठातील पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. आज माठ वेगळा नसेल. पण मुलाखतीत आडनाव, गाव आणि बोली यांवरून मनात जो हिशेब मांडला जातो, तो कोणत्याच कागदावर उमटत नाही.

दिसायला तटस्थ अट

यावर मुलाखतीचे वजन घटवून शैक्षणिक गुणांचे वाढवावे, असा उपाय सुचविला जातो. त्याची दिशा बरोबर आहे. परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीने कृष्णवर्णीयांना केवळ मजूर विभागात ठेवले होते. वर्णभेदास मनाई करणारा कायदा जुलै १९६५ मध्ये लागू होताच कंपनीने इतर विभागांसाठी शालान्त प्रमाणपत्राच्या जोडीला बुद्धिमापन चाचण्यांची अट घातली. ती सर्वांना समान होती. पण या अटी पूर्ण न केलेले जुने गोरे कामगार तीच कामे नीट करीत होते. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, कामाशी संबंध न दाखविता येणारी आणि एका वर्णाला प्रत्यक्षात बाहेर ठेवणारी अट, हेतू शुद्ध असला तरी बेकायदा आहे. १९९१ साली अमेरिकन काँग्रेसने हे तत्त्व कायद्यात घातले. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खात्यांना त्याचा अवलंब थांबविण्यास सांगितले, यावरून ते प्रबळांना किती टोचते हे कळते.

या तत्त्वाची कसोटी इथे लावून पाहावी. उमेदवाराची पदवी कोणत्या नामांकित संस्थेची आहे याला जर मोठे वजन दिले, तर मराठवाड्यातील विद्यार्थी नेटमध्ये कितीही वर आला तरी मागेच पडेल. सिल्लोडच्या वर्गात अर्थशास्त्र शिकविण्याचे काम महानगरातील पदवीने अधिक चांगले होते, हे कुणी सिद्ध केलेले आहे काय?

या साऱ्याच्या मुळाशी पदांचा दुष्काळ आहे. २०१८ मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागा भरण्यास मान्यता दिली. त्यांपैकी १४९२ भरल्या गेल्या आणि उरलेल्या २०८८ जागांसाठी २०२१ साली पुन्हा मान्यता घ्यावी लागली. दरम्यान तीच पात्रता असलेले तरुण तासिका तत्त्वावर, सुट्टीचे वेतन न मिळता, शिकवीत राहिले. कायम पद भरलेच नाही तर त्यावरचे आरक्षण कागदावरच राहते. शिवाय जागा जितक्या थोड्या तितकी त्यांची किंमत वाढते आणि निवडणाऱ्याची सत्ताही वाढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे.

प्रत्येक नकारामागे जातच असते असे नाही; काही तक्रारी निव्वळ निराशेतूनही येतात. पण लेखी नोंद नसेल तर खरी तक्रार आणि खोटी तक्रार यांत फरक करायचा कसा? म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक महाविद्यालयाने आपली बिंदुनामावली जाहीर करावी. मुलाखतीचे गुण विषयज्ञान, अध्यापन, संशोधन अशा शीर्षकांखाली प्रत्येक सदस्याने वेगळे नोंदवावेत व ते उमेदवाराला मिळावेत. राखीव पदावर कुणी योग्य ठरला नाही तर प्रत्येक उमेदवाराबाबत कारण लिहावे, आणि ठरावीक मुदतीत ते पद दुसऱ्या समितीपुढे ठेवावे. प्रामाणिक समितीला यात भिण्यासारखे काही नाही. उलट तिचे संरक्षणच आहे. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने समान संधी दिली आहे. ती मिळाली की नाही हे विचारण्याचा हक्क उमेदवाराला असेल, तर उत्तर लिहून देण्याचे कर्तव्य निवडणाऱ्यावर येते. अनुदान देणाऱ्या शासनाने हे कर्तव्य अनुदानाची अट म्हणून घातले पाहिजे.