वाहनाची धडक आणि पादचाऱ्याचा देह

गाझियाबादमधील मोहननगरचे मेट्रो स्थानक ग्रँड ट्रंक रस्त्यावर आहे. तेथे उतरणाऱ्या पादचाऱ्याला मालमोटारी, बसगाड्या आणि मोटारी यांच्याशी रस्ता वाटून घ्यावा लागतो. अपघात घडला की 'माणूस गाडीखाली सापडला' असे म्हणण्याची रीत आहे. मोटारीपुरते ते बहुधा खरे नसते. उभा प्रौढ माणूस तिच्याखाली जात नाही, तिच्यावर चढतो.

मोटारीचा बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो. देहाचा गुरुत्वमध्य मात्र बेंबीच्या जवळपास असतो. पाय गाडीबरोबर ओढले जातात, धड जडत्वामुळे जागीच राहू पाहते, आणि देह बॉनेटकडे कलंडतो. कंबर, मग खांदा आणि शेवटी डोके बॉनेटवर वा समोरच्या काचेवर आपटते. ताशी 40 किलोमीटर वेगाला हे सारे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत उरकते. पुढे ब्रेकने गाडी मंदावते, देह मंदावत नाही. तो रस्त्यावर पडतो आणि दुसरा आघात सोसतो.

मालमोटारीचे व बसचे तोंड सपाट. तेथे कलंडण्यास वाव नाही. देह सरळ पुढे फेकला जातो, आणि चाकाखाली येण्याचे खरे भय येथेच. लहान मुलाचा गुरुत्वमध्य इतका खाली असतो की त्याच्या दृष्टीने उंच बॉनेटची मोटारही मालमोटारच ठरते. मोटारींवरील लोखंडी संरक्षक दांड्यांना केंद्र सरकारने 2017 मध्ये मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु अवजड वाहनांच्या तोंडांचा विचार मागेच राहिला आहे. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन (निधन 2021) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर संशोधन केले होते.

2022 मध्ये भारतात 32,825 पादचारी रस्त्यांवर मृत्युमुखी पडले. तरीही उपदेश होतो तो पादचाऱ्यालाच! त्याने डावीउजवीकडे पाहावे, हे खरे. पण आपला गुरुत्वमध्य त्याला हलविता येत नाही. वेग मात्र बदलता येतो. ताशी 30 किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडणे. 60 ची म्हणजे चौदा मीटरवरून. वेग दुप्पट, उंची चौपट. म्हणून जेथे माणसे रस्ता ओलांडतात तेथे वेग 30 वर आणणे हे नगरपालन करणाऱ्यांचे काम आहे. त्यासाठी नुसती पाटी पुरत नाही. ओलांडण्याची जागा रस्त्याच्या पातळीहून थोडी उंच बांधली, म्हणजे घाईतील चालकालाही वेग उतरवावाच लागतो.